बघितल्याचे पैसे

“नुसतं बघायचे दोनशे रुपये? अहो, अजून काही केलंसुद्धा नाही तुम्ही!”

हे थोर वाक्य माझं आहे. दीडएक वर्षापूर्वी एका वयस्कर ऑटो-इलेक्ट्रिशियन काकांना मी हे तोंडावर ऐकवलं आणि गाडी ढकलत (हो, ढकलतच) दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथे वीस मिनिटांत नवी इग्निशन कॉइल बसली, अकराशे रुपये गेले आणि मी शीळ घालत घरी आलो. याला म्हणतात सर्व्हिस!

पुढच्याच रविवारी गाडी पुन्हा बंद पडली.

तर मंडळी, आजचा विषय जुन्या मोटरसायकलची वायरिंग. पण बोलायचंय ते वेगळंच. माझं मत असं आहे की आपल्याकडे ‘रिपेअर’ या नावाखाली जे चालतं ते बहुतेक वेळा नुसतं पार्ट बदलणं असतं, आणि त्याला जबाबदार गॅरेजवाले कमी, गिऱ्हाईक जास्त. म्हणजे मी. म्हणजे कदाचित तुम्हीसुद्धा.

आधी गाडीबद्दल. बाबांची ३५० सीसीची बुलेट, १९९६ सालची, नंबर एमएच-१० म्हणजे सांगलीचा. गाडी आणि मी जवळपास एका वयाचे. गाडीची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे असं आई म्हणते. ही पॉइंट-कॉइलवाली जुनी बुलेट. म्हणजे स्पार्क बॅटरीवरून तयार होतो. बॅटरीतून करंट निघतो, चावीच्या स्विचमधून इग्निशन कॉइलकडे जातो, आणि कॉइलचं दुसरं टोक पॉइंटमार्फत इंजिनच्या बॉडीला, म्हणजे अर्थला लागतं. पॉइंट मिटले की कॉइलमधून करंट वाहतो, पॉइंट उघडले की करंट तुटतो आणि त्या क्षणी प्लगला ठिणगी पडते. बस्स, एवढंच. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. सगळं सर्किट चहाच्या बिलामागे काढता येईल.

आणि या गाडीत एक फार भारी गोष्ट आहे. हेडलाइटच्या वर, हँडलच्या मध्यभागी एक छोटा अँपिअर मीटर असतो. काटा डावीकडे गेला तर बॅटरीतून करंट बाहेर जातोय, उजवीकडे गेला तर बॅटरी चार्ज होतेय. बुलेटवाले किक मारताना हा काटा वापरतात. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत न्यायची. पॉइंट मिटलेले असतील तर काटा डावीकडे झुकतो. पॉइंट उघडले की मध्यावर येतो. म्हणजे पिस्टन वर पोचत आला. मग डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून किंचित पुढे ढकलायचं, किक परत वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण ताकदीने एकच किक. बाबांनी मला हे अकरावीत शिकवलं. “काटा बघायचा. काटा न बघता किक मारलीस तर घोट्यावर उलटी बसेल.” एकदा बसलीसुद्धा. असो.

आता दुखणं. गाडी घाटात बंद पडायची. सपाट रस्त्यावर काही नाही, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रखडली तरी काही नाही, पण दिवे घाट चढायला लागलो की एखाद्या वळणावर फट्‌ करून बंद. मग रस्त्याच्या कडेला साइड स्टँडवर लावायची, पाचसहा किका मारायच्या, घाम पुसायचा, पाणी प्यायचं, पंधरावीस मिनिटांनी वैतागून गाडी स्टँडवरून काढून बसून किक मारायची... की एका किकमध्ये चालू!

यावरून कुणीही काय निष्कर्ष काढेल? गाडी गरम होते, थंड झाली की चालू होते. मीही तोच काढला, आणि गॅरेजमध्ये जाऊन “गरम झाली की बंद पडते” असंच सांगितलं. आता गरम झाल्यावर दगा देणारे पार्ट म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर. म्हणून पहिल्यांदा कंडेन्सर बदलला. मग पॉइंट. मग प्लग आणि प्लग कॅप. मग ती कॉइल. त्यात आणखी एक दुखणं होतं, की आठवडाभर गाडी उभी राहिली की बॅटरी उतरायची. म्हणून वर्षभरात बॅटरी दोनदा बदलली. दुसऱ्या वेळी बॅटरीवाल्याला “नकली माल विकता काय?” असं चार लोकांसमोर ऐकवून आलो. एकंदर साडेसहा हजार रुपये गेले. गाडी आहे तिथेच.

एका गॅरेजमध्ये तर मीटर लावून वायरिंगसुद्धा ‘चेक’ केली होती. इंजिन बंद, चावी चालू, कॉइलच्या टर्मिनलवर मीटरची पिन टेकवली, बारा व्होल्ट. “वायरिंग ओके आहे साहेब.” हे बारा व्होल्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत.

मग तो दिवस. बाबांना घेऊन जेजुरीला गेलो होतो. परत येताना दिवे घाट उतरताना अंधार पडला. एका डाव्या वळणावर इंजिन बंद झालं. गाडी गिअरमध्ये, मागचं चाक एकदम ओढल्यासारखं झालं, गाडी हलली, आणि मागे ट्रक. ट्रकवाल्याने कर्कश हॉर्न देऊन कशीबशी बाजू काढली. दोनएक फुटांवरून गेला असेल. मी क्लच दाबून गाडी कडेला घेतली. दोघंही पाच मिनिटं काही बोललो नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, “विकून टाक आता. कुणाचा तरी जीव जायचा.”

ज्या माणसाने ही गाडी वीस-बावीस वर्षं रोज पुसली, तो हे म्हणाला. वाद घालायची माझी हिंमत झाली नाही. एवढंच म्हणालो, मला एक शनिवार-रविवार द्या.

त्या रात्री झोप आली नाही तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. आपण घाट उतरत होतो. उतारावर इंजिनवर लोड नसतो. जेजुरीहून निघताना गाडी चांगली थंड होती. मग ‘गरम होते’ हे कसं काय?

ऑफिसमध्ये कुणी सांगितलं की “दुपारी सर्व्हर स्लो होतो,” तर मी लगेच रॅम वाढवत नाही. दुपारी नक्की काय होतं ते विचारतो. बॅकअप चालतो का? रिपोर्ट निघतात का? ‘दुपार’ हे कारण नसतं, दुपारी घडणारं काहीतरी कारण असतं. मग घाटात काय काय घडतं? इंजिन तापतं, बरोबर. लोड येतो, बरोबर. आणि तिसरं, जे इतक्या दिवसांत ना माझ्या डोक्यात आलं ना कुणी मला विचारलं... हँडल वळतं! सपाट रस्त्यावर वेगात असताना हँडल जेमतेम हलतं, गाडी नुसती कलते. हँडल खरं वळतं ते घाटातल्या हळू, तीव्र वळणावर. आणि साइड स्टँडवर उभी केल्यावर, कारण तेव्हा ते डावीकडे पडतं.

शनिवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चालू केली. थंडगार इंजिन. हँडल सरळ, टुक टुक टुक. हळूहळू डावीकडे वळवलं. पूर्ण वळायच्या आत एक ठोका चुकला, दुसरा चुकला, बंद. सरळ केलं, किक, चालू. पुन्हा डावीकडे, बंद.

‘थंड झाली की चालू होते’ याचा अर्थ काय होता तर ‘वैतागून स्टँडवरून काढली की हँडल सरळ होतं’. साडेसहा हजारांचं निदान पाच मिनिटांत, फुकट. इतका आनंद मला कॅम्पसमधून नोकरी लागली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

आता पुढचं काम मोजायचं. बुधवार पेठेतून साडेतीनशे रुपयांचा मल्टीमीटर आणला होता, तो काढला. सगळ्यात आधी बॅटरी. गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर साधारण १२.६ ते १२.७ दाखवते, १२ च्या आसपास आली की बरीच उतरली समजायची. मग इंजिन चालू करून थोडी रेस दिली, १३.९. म्हणजे चार्जिंग व्यवस्थित. (इथे साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला हवं. रेस देऊनही आकडा बाराच्या घरातून हलला नाही तर चार्जिंग होत नाहीये. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय.) दोन मिनिटांत अर्धी गाडी संशयातून बाहेर.

मग इंजिन बंद केलं, किक हळूहळू दाबत पॉइंट मिटलेल्या जागी आणले, म्हणजे कॉइलमधून खराखुरा करंट वाहील. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन कॉइलच्या टर्मिनलला. हँडल सरळ असताना ११.९. डावीकडे वळवलं तसं ११... ९... ८... आणि शेवटी शून्य. (पॉइंट मिटवून चावी फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.)

आता ते ‘वायरिंग ओके’वाले बारा व्होल्ट. तेव्हा पॉइंट बहुधा उघडे होते. पॉइंट उघडे म्हणजे वायरमधून करंट जवळपास शून्य. आणि करंटच वाहत नसेल तर वायरीत कितीही रेझिस्टन्स असू दे, व्होल्टेज पडत नाही. ओहमचा नियम, बारावी फिजिक्स. दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवणार. ट्रॅफिक नसताना सर्व्हर टेस्ट करून “परफॉर्मन्स ओके” लिहिण्यासारखं आहे ते.

हिशोबच करून बघा. कॉइलचा रेझिस्टन्स समजा ४ ओहम. बॅटरी १२.४ व्होल्ट. करंट ३.१ अँपिअर. आता वायरीत कुठेतरी २ ओहमचा अडथळा आला. एकूण ६ ओहम, करंट २.०७, कॉइलला मिळणार जेमतेम ८.३ व्होल्ट. करंट दोन तृतीयांश झाला, आणि कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती निम्म्याहून कमी. ठिणगी मरतुकडी. गाडी मिसफायर करणारच. आणि हे २ ओहम करंट नसताना मीटरला दिसणारच नाहीत. म्हणून जुने वायरमन मीटरपेक्षा साधा बल्ब जोडलेला टेस्ट लॅम्प वापरतात. बल्ब करंट ओढतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही.

मग बायनरी सर्च. बॅटरी ते कॉइल या वाटेच्या मधोमध चावीचा स्विच. स्विचच्या बाहेर येणाऱ्या टर्मिनलवर हँडल वळवूनही व्होल्टेज जागचं हललं नाही. म्हणजे बॅटरी, अँपिअर मीटर, स्विच सगळं निर्दोष. गुन्हेगार स्विच ते कॉइल या टप्प्यात. ही वायर हेडलाइटच्या डूममधून निघून हँडलच्या मानेपाशी वाकून टाकीखाली जाते. बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवलं (वायरिंगला हात लावायच्या आधी हे करायचंच), टाकी उतरवली, टेप सोडली. वायर वरून धडधाकट. पण मानेपाशी चिमटीत धरून वाकवली तर एका जागी लुळी पडली. प्लॅस्टिक कापलं तर आत तांबं हिरवं झालेलं आणि तारा तुटलेल्या. सरळ असताना टोकं एकमेकांना टेकायची, वळवलं की सुटायची. यात दोष कुणाचाच नाही. पंचवीसतीस वर्षं रोज वाकवली तर कुठलीही तार तुटेल.

तुटलं तिथेच सोल्डर मारायचा मोह झाला होता. पण सोल्डर केलेली जागा कडक होते आणि रोज वाकणाऱ्या ठिकाणी कडक जोड त्याच्या शेजारीच पुन्हा तुटतो. म्हणून तेवढा तुकडा नवा टाकला, दोन्ही जोड मानेपासून लांब घेतले आणि वायर थोडी ढिली सोडली. खर्च चाळीस रुपये, टेप धरून.

राहिली बॅटरी उतरायची भानगड. याची टेस्ट आणखी सोपी. चावी बंद, बॅटरीचं निगेटिव्ह काढून वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावायचा. सुरुवात मोठ्या रेंजवर. आणि मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. सगळं बंद असताना या गाडीत जवळपास शून्य यायला हवं. आलं ३० मिलिअँपिअर. एकेक कनेक्शन काढत गेलो आणि आकडा शून्यावर आला ते मोबाइल चार्जर काढल्यावर. जो २०२१ मध्ये मी स्वतः, मोठ्या अभिमानाने, थेट बॅटरीवरून जोडला होता. चावीच्या स्विचनंतर जोडायचं सुचलं नव्हतं. बॅटरी ५ अँपिअर-अवरची. ३० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर. सात दिवसांत बॅटरी कोरी. आणि ही गाडी निघते फक्त वीकेंडला! दर आठवड्याला अशी निथळून काढलेली बॅटरी वर्ष तरी कशी काढणार?

तो बॅटरीवाला आठवला आणि खरं सांगतो, कान गरम झाले.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे गॅरेजवाले अडाणी आणि इंजिनिअर हुशार, हेच सांगायचंय ना? अजिबात नाही. मला एक वर्ष लागलं आणि तेही जीवावर बेतल्यावर. ज्या काकांनी “वायरिंग बघावं लागेल, दोन तास जातील, बघायचे दोनशे,” असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ते बरोबर होते. त्यांना मी नाकारलं. आणि ज्याने वीस मिनिटांत नवा पार्ट लावला त्याला अकराशे रुपये हसत दिले, कारण हातात जुनी कॉइल मिळाली. काहीतरी ‘झाल्या’चा पुरावा!

गंमत बघा. आमच्या कंपनीत कन्सल्टिंगचे पैसे तासावर लागतात. क्लायंटचा बग शोधायला तीन दिवस लागले आणि फिक्स एका ओळीचा निघाला तर आम्ही एका ओळीचे पैसे घेत नाही, तीन दिवसांचे घेतो. घ्यायलाच हवेत, शोधणं हेच काम आहे. पण तोच मी गॅरेजमध्ये गेलो की शोधणं फुकट आणि लोखंड विकत, असा हिशोब करतो. मग गॅरेजवाल्याने काय करावं? दोन तास वायर हुंगत बसून शेवटी “एक तार तुटली होती, जोडली” असं सांगितलं तर मी पन्नास रुपये टेकवणार. त्यापेक्षा पार्ट बदलला तर त्याचे पैसे सुटतात, वेळ वाचतो आणि गिऱ्हाईकही खूश. आपण ज्याचे पैसे देतो तेच आपल्याला मिळतं.

आणि यात फक्त पैसा जात नाही. चांगले पार्ट फेकले जातात. माझी मूळ कॉइल, जिला पंचवीसहून जास्त वर्षं काही झालं नव्हतं, ती कुठल्याशा भंगारात गेली. नवा पार्ट हलका निघाला तर जुन्या बिघाडात नव्याची भर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खरा दोष तसाच राहतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. ट्रक मागे असताना कळतं की झालं नव्हतं.

माझा एक मित्र म्हणतो, हे जुन्या गाड्यांचं रडगाणं आहे, नवीन घे आणि मोकळा हो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्यानंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या, बिघाड झाला की गाडी स्वतःच दिवा लावून कोड सांगते. खरं आहे. पण कोड काय सांगतो? ‘अमुक सेन्सरच्या सर्किटचं व्होल्टेज कमी’. सर्किटचं! सेन्सर खराब आहे असं नाही. पाणी जाऊन कनेक्टर गंजला असेल तरी तोच कोड येणार. कोड वाचून सेन्सर बदलणं म्हणजे ‘गरम होते’ ऐकून कॉइल बदलणंच आहे, फक्त बिल मोठं. उलट माझ्या गाडीत तो बिचारा अँपिअर मीटर पूर्ण वेळ खरं सांगत होता. गाडी कडेला लावून मी घामाघूम होऊन किका मारायचो तेव्हा काटा डावीकडे झुकतच नव्हता, मध्यावर मख्ख उभा होता. म्हणजे कॉइलला करंटच जात नव्हता. वैतागात मी तिकडे बघितलंच नाही.

पार्ट बदलणं नेहमी चूकच असंही नाही. तीस रुपयांच्या फ्यूजसाठी कुणी प्रबंध लिहायची गरज नाही. (पण तोच फ्यूज पुन्हा उडाला तर चांदी गुंडाळून काम भागवू नका. तो कुठेतरी शॉर्ट असल्याचं सांगतोय. तुम्ही त्याचं तोंड दाबलंत तर वायरिंग पेटेल.) चालू असलेल्या गाडीचा पार्ट लावून बघणं हीसुद्धा रीतसर टेस्ट आहे. फक्त दोन अटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि फरक पडला नाही तर जुना पार्ट परत लावायचा. ही दुसरी अट मी कुठल्याच गॅरेजमध्ये पाळली गेलेली पाहिली नाही. ऑफिसमध्येही फारशी नाही :)

माझी विनंती साधी आहे. गॅरेजला जाताना निदान घेऊन जाऊ नका, लक्षणं घेऊन जा. “गरम झाल्यावर बंद पडते” हे निदान होतं. “घाटात डाव्या वळणावर बंद पडते” हे लक्षण. मी दुसरं वाक्य बोललो असतो तर कदाचित पहिल्याच गॅरेजमध्ये काम झालं असतं. आणि कुणी “बघायचे पैसे होतील” म्हणाला, तर त्याच्याकडेच गाडी लावा. त्याला आपल्या डोक्याची किंमत माहीत आहे आणि तो ती उघड सांगतोय. बाकीचे ती पार्टच्या बिलात घालतात.

सोमवारी ऑफिसातून येताना बॅटरीवाल्याकडे गेलो. चूक माझी होती, चार्जर मीच चुकीचा जोडला होता, असं सांगितलं. या वेळी दुकानात चार लोक नव्हते, तरी सांगितलं. तो आधी बघतच राहिला. मग म्हणाला, “साहेब, असं सांगायला परत कुणी येत नाही.” चहा पाजला. एवढं लाजल्यासारखं मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

बाबांना घेऊन पुन्हा दिवे घाटातून गेलो. त्या वळणावर मी काही बोललो नाही, तेही नाही. सासवडला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, “बंद पडायची तेव्हा काटा बघितला होतास का?” मी म्हणालो, “नाही.” त्यावर ते काही बोलले नाहीत, बशीत चहा ओतला. गाडी विकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

आणि ते इलेक्ट्रिशियन काका? गेल्या महिन्यात हॉर्नचा आवाज बारीक झाला म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. मला ओळखलं त्यांनी, पण तसं दाखवलं नाही. पाऊण तास बसून टेस्ट लॅम्प फिरवत राहिले. शेवटी टाकीखालचा अर्थिंगचा एक बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, पुन्हा आवळला. हॉर्न खणखणीत. पार्ट एकही नाही. मी विचारलं, “काका, तुम्ही सगळ्यांकडून बघायचे पैसे घेता?”

“मागतो सगळ्यांकडे,” ते म्हणाले. “देतात थोडे. लोकांना काय, हातात जुना पार्ट ठेवला की पैसे द्यायला बरं वाटतं.”

दोनशे झाले. ‘नुसता बोल्ट घासायचे दोनशे?’ हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं, सवयीने. गिळलं आणि पैसे दिले.